चकतीमागचे नट

क्लेटनं स्क्रू ड्रायव्हर चाकापर्यंत नेला आणि न वापरताच परत खिशात घातला. गाडीत पट्ट्यांनी जखडून बसलेल्या डेल्मरनं मान वळवली.

“उघडत नाहीस?” त्यानं विचारलं.

“काय उघडायचंय त्यात?” तपासनीस क्लेट हसला. “तुझ्या भावानं बसवलेली चाकं आहेत ती. व्हर्ननचा नट ढिला निघाला तर सूर्य पश्चिमेला उगवेल!”

“अरे, पण नियम आहे ना?”

“नियम बाकीच्यांना. घाबरू नकोस, पोरा. रक्तातच आहे तुमच्या.” मंजुरीचा कागद गाडीच्या नाकावर चिकटवून क्लेट पुढच्या गाडीकडे गेलासुद्धा.

चारही चाकांवर ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत चकत्या होत्या, तीन-तीन स्क्रूंनी आवळलेल्या. चाकात वारा अडकू नये म्हणून एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर शर्यतीच्या गाड्या पळवणाऱ्या सगळ्यांनाच त्यांचं वेड. घासून घासून परातीसारख्या लख्ख केलेल्या. आत काय चाललंय ते मात्र बाहेरून ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. मागच्या डाव्या चकतीमागचे पाचही नट ढिले होते. व्हर्नन कॉफी आणायला गेला तेवढ्यात डेल्मरनंच सकाळी ते ढिले केले होते.

बेत साधा होता. क्लेट चकती काढणार, नट बघून बोंब ठोकणार, आणि नियमाप्रमाणे गाडी त्या दिवसापुरती बाद होणार. हंगामातली ही शेवटची शर्यत. पुढे हिवाळ्यात पावसाचं पाणी तळ्यात साचलं की उन्हाळ्यापर्यंत सुटका, पुढचं पुढे. शिव्या बसल्या असत्या, क्लबात महिनाभर टिंगल झाली असती. पण ‘मला भीती वाटते’ हे तीन शब्द तोंडातून काढावे लागले नसते.

भीती वाटायला कारणही होतं. सहा वर्षांपूर्वी याच तळ्यावर, तासाला एकशे चाळीस मैलांवर, व्हर्ननच्या गाडीचं मागचं चाक निखळलं होतं. बोल्ट तुटला, असं सगळे म्हणाले. डेल्मर तेव्हा सतरा वर्षांचा. धुळीतून धावत जाऊन त्यानंच भावाला बाहेर ओढलं होतं, आणि उजवा पाय गुडघ्याखाली कसा लोंबत होता ते तो अजून विसरला नव्हता. नंतर व्हर्नननं लाकडी पायावर उभं राहून, पोलाद कारखान्यातली पाळी संपवून, तीन हिवाळे खपून ही नवी गाडी बांधली. लढाऊ विमानाची तेलाची जुनी टाकी, तिला चार चाकं, आत जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा. “ही तू चालवायची,” तो म्हणाला. आईनं शर्यतीचा अंगरखा शिवला. क्लबातल्या लोकांनी टाकीवर डेल्मरचं नाव रंगवलं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं, मग नाही म्हणणार तरी कुठे?

मागून धक्का बसला. गाडी सुरू करून द्यायला ढकलणाऱ्या ट्रकचा बंपर मागे टेकला होता. ट्रकवर व्हर्नन होता, डाव्या पायानं सगळे पेडल सांभाळत. एकदा तो ढकलू लागला आणि इंजिन पेटलं की थांबणं नाही. इकडे आड, तिकडे विहीर. गप्प बसलं तर जीव जाणार, बोललं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला डेल्मरला जीव जाणं जास्त सोपं वाटत होतं.

निशाणवाल्यानं हात वर केला. ट्रक गुरगुरला. गाडी दहा हात पुढे सरकली.

डेल्मरनं ब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी ओढला.

ट्रकचा बंपर दाणकन आदळला. मागच्या रांगेत भोंग्यांचा कल्लोळ उठला. “काय रे, पुढं कुणाचं लग्न लागतंय का?” कोणीतरी ओरडलं. व्हर्नन ट्रकमधून उतरला आणि लंगडत टाकीजवळ आला.

“काय झालं?”

“मागचं डावं चाक.” डेल्मर म्हणाला. “नट ढिले आहेत. मी केलेत, व्हर्न. मला नाही पळायचं. भीती वाटते मला. पहिल्यापासून वाटते.”

व्हर्नन मागच्या डाव्या चाकाकडे वळला. लाकडी पाय बाजूला पसरून तो धुळीत बसला. तीन स्क्रू काढले, चकती उतरवली, एक नट दोन बोटांनी फिरवून पाहिला. तो नट सहज फिरला. डेल्मरनं डोळे मिटून घेतले. आता व्हर्नन जे काही बोलेल ते जन्मभर ऐकावं लागेल, हे त्याला ठाऊक होतं.

तेवढ्यात क्लेट धापा टाकत आला. “काय भानगड आहे? रांग खोळंबलीय!”

“क्लच घसरतोय,” व्हर्नन त्याच्याकडे न बघता म्हणाला. “चूक माझी. आज नाही पळत आम्ही.”

क्लेट चुकचुकत गेला. व्हर्नननं खिशातला पाना काढला आणि नट आवळायला घेतले. पहिला आवळला, दुसरा आवळला. तिसऱ्यावर त्याचा हात थांबला.

“माझा बोल्ट तुटला नव्हता, डेल,” तो हळूच म्हणाला. “त्या दिवशी मीही असाच वाट बघत होतो. माझीही चकती कोणी उघडली नाही, आणि माझ्याच्यानं तोंड उघडवलं नाही.”