काळपट पेला

मुलांनो, डोळे मिटा आणि त्र्याहत्तर सालचा माणदेश बघा. दुष्काळातला पाडवा, तरी दारचा कडुलिंब फुलोऱ्यानं पांढरा. हरणा नावाच्या पोरीची नवी आई, राहीबाई, पाठ फिरवून कडुलिंबाची फुलं, कोवळी पानं आणि ओवा वाटून पाण्यात कालवत होती. शेजारच्या सुलाबाईनं हरणाला बजावलं होतं, “सावत्र ती सावत्रच. तिज्या हातचं बघून पी गं.” पोर डोळ्यांत तेल घालून बघत होती. पेले दोन: आईनं स्वतःपुढं ठेवलेला हिरवा, हरणापुढं ठेवलेला तेवढा काळपट. तिला सुलाबाईचं बोलणं आठवलं. राहीबाई गुढीच्या पाया पडायला वळली, तशी हरणानं पेले बदलले. हिरव्याचा पहिलाच घोट कडूजहर लागला. दुसरा पेला चाखून राहीबाई थबकली. “आगं, ह्यो तुजा. घरातला गुळाचा शेवटचा खडा ह्यातच घातला हुता.” हरणानं दोन्ही पेले तांब्यात ओतले, ढवळलं आणि पुन्हा सारखे भरले.