आईच्या पापण्या

चष्म्याच्या दुकानदाराची आई रोज सकाळी सुजलेल्या पापण्यांनी उठायची. एकदा लिफ्टमध्ये शेजारीण सहज बोलून गेली, "आजी रात्रभर रडतात की काय हो?" आणि त्याच्या डोक्याला भुंगा लागला. सगळी इमारत आपल्याला नावं ठेवते आहे, असंच त्याला वाटू लागलं.

"तुला इथे काय कमी आहे, आई? का चारचौघांत आमची शोभा करतेस?"

"अरे, मी कशाला रडू? हे बघ, पायसुद्धा सुजलेत."

"म्हणजे आता पायांनीही रडायला लागलीस?" तो म्हणाला, आणि त्याच्या बायकोला हसू आवरेना.

सूज उतरेपर्यंत आईने खाली बाकावर जाऊन बसायचं नाही, असं त्याने बजावलं. तिनेही मुकाट्याने ऐकलं. चार महिन्यांनी तिला धाप लागली, तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा कुठे त्याने तिला हॉस्पिटलात नेलं.

"दोन्ही किडन्या गेल्यात, हृदयही थकलंय," रिपोर्ट त्याच्या हातात देत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पापण्या सुजल्या तेव्हाच आणायला हवं होतंत. आता आमच्या हातात काही नाही. आत जाऊन भेटून घ्या."

तो बाहेरच खुर्चीत बसला. मग त्याने खिशातून मोबाइल काढला, रिपोर्टचा नीट फोटो घेतला आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकला.



खाली लिहिलं, "आता तरी पटलं ना? आई रडत नव्हती."