टेविनची अंगठी

अमेरिकेतल्या ऑगस्टच्या रणरणत्या उन्हात फुटबॉलचा सराव करताना टेविन कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. जानेवारीत त्याच्या कॉलेजनं फायनल मारून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. त्याच्या वाट्याची विजेत्यांची अंगठी घेऊन कोच हॉलिस त्याच्या आईकडे आले.

"मैदानात उतरताना पोरांनी त्याचंच नाव घेतलं, मिस लोरीन."

तिनं अंगठीला हातही लावला नाही. "खरं सांगा कोच, त्या दिवशी त्यानं पाणी मागितलं होतं?"

कोचनी अंगठी परत मुठीत घेतली. "मागितलं होतं."

"मग?"

"मी म्हणालो, फायनल खेळायचीय ना? आधी मैदानाच्या फेऱ्या पूर्ण कर."

"केल्या त्यानं?"

कोचना तिच्याकडे बघवेना. "केल्या. सगळ्यांच्या आधी."