खोकल्याचं औषध

"तुम्ही मला उन्हाळाभर खोकल्याचं औषध पाजलंत. मला खोकला होता कधी?"

मलकाबाईंनी रिकामी बाटली टेबलावर आपटली. इस्रायलमधल्या ओफाकिम गावच्या दवाखान्यातल्या त्या डॉक्टरला मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने दालियाकडे पाहिलं. मलकाबाईंची ही धाकटी लेक सैन्यातून सुट्टीवर आली होती, गणवेशातच. मागल्या खेपेलाही दुभाषी तीच होती.

दालिया हिब्रूत काहीतरी पुटपुटली. डॉक्टरने दोन्ही हात पसरले.

"काय म्हणतो गो?"

"म्हणतो, तूच खोकला म्हणालीस."

"मी म्हणाले, खोकलं की लघवी सुटते. शिंकलं तरी सुटते. तू काय सांगितलंस त्याला?"

दालिया आपल्या बुटांकडे बघत राहिली. "इमा, दाय," म्हणाली. आई, पुरे कर. मग हळूच, मराठीत, "पुरुष आहे ना तो. कसं सांगू?"

मलकाबाईंना हसू आलं, तेही कडू जहर. पोरगी रायफल चालवते आणि तिला मुताचं नाव घेववत नाही. इकडे आई शिलाईच्या कारखान्यात मांड्यांत जुन्या लुगड्याची घडी कोंबून बसते. नेगेवच्या वाळवंटातल्या उन्हात ओठ फुटेपर्यंत तहान मारते. तरी गेल्या आठवड्यात मशीनखाली थारोळं झालंच. मुकादम गिदोन सगळ्यांदेखत नाक दाबून म्हणाला, इलाज करून ये, नाहीतर घरी बस.

कारखान्यापुरती हिब्रू मलकाबाईंना येत होती. त्यात लघवीला शब्द नव्हता. थोरलीच्या पोराला भांड्यावर बसवताना ऐकलेला तेवढा एक होता.

"पिपी," त्या डॉक्टरला म्हणाल्या. खोकून दाखवलं, ओटीपोटाखाली बोट दाखवलं. "पिपी. कारखान्यात. सगळ्यांसमोर."

आता त्याला कळलं. मुलं किती, त्याने विचारलं. मलकाबाईंनी पंजा दाखवला. त्याने हसून खांदे उडवले, दोन वाक्यं बोलला आणि पुढच्या माणसासाठी घंटी दाबली.

"काय म्हणाला? सगळं सांग हां. गाळू नको."

दालियाचे कान लाल झाले होते. "म्हणाला, एवढी बाळंतपणं झाली, मग या वयात व्हायचंच. पाणी कमी पी."

दार ढकलून एक म्हातारा आत डोकावला. दालियाने आईचा दंड धरला. मलकाबाईंनी तो सोडवून घेतला, खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही कोपरं डॉक्टरच्या टेबलावर टेकली.

"पाणी केव्हाच सोडलंय म्हणावं. आता काय सोडू म्हणजे माझं मशीन राहील? विचार त्याला. मी बसलेय."