तांबडी जीभ

नाक दाबून म्हाताऱ्याने बिटाचा रस एका दमात संपवला.

"नुसती मातीची चव!"

"पायांसाठी आहे, बाबा," सून म्हणाली आणि तिने माउथवॉशची हिरवी बाटली पुढे केली. "चूळ भरा. तोंड बघा कसं रंगलंय."

ओठ, जीभ, सगळं तांबडंलाल. असल्या तोंडाने चारचौघांत बसणं म्हाताऱ्याला मानवणारं नव्हतं. त्याने खळखळून चूळ भरली.

त्याच्या पायांतल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. जरा चाललं की पोटऱ्यांत गोळे यायचे. गोळ्या घ्या, रोज चाला आणि जोडीला बीट-पालक खा. त्यातल्या नायट्रेटने रक्तवाहिन्या सैलावायला मदत होते, असं इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं. सांगितलं सुनेला. म्हातारा तेव्हा आतल्या खोलीत तपासणीच्या टेबलावर कण्हत होता.

त्याला एकच चढण चढायची होती. वरच्या गल्लीतल्या पायऱ्या, त्यांच्या टोकाला थोरल्या भावाचं घर. दादाने एकदा भर लोकांत "हा माझा भाऊच नव्हे" म्हणून हात झटकले होते. आता दादा अंथरुणाला खिळला होता. त्याने डोळे मिटायच्या आत उशाशी उभं राहून ते शब्द त्याला गिळायला लावायचे, या एका सूडावर म्हातारा तग धरून होता.

"खुर्चीत बसवून नेतो," मुलगा म्हणायचा.

"लोकांच्या खांद्यावरून मला एकदाच जायचंय. दादापुढे मी माझ्या पायांनी जाणार."

सून मात्र गुणी, असं तो सगळ्यांना सांगायचा. लग्नानंतर तिने एकदाच काही मागितलं होतं. आई शेवटच्या घटका मोजतेय, भेटून येते म्हणाली. नेमके त्या दिवशी घरी पाहुणे यायचे होते. "त्यांचं कोण बघणार?" एवढंच म्हाताऱ्याने विचारलं, आणि ती निमूट स्वयंपाकघरात गेली. त्यावर तिने पुन्हा अवाक्षर काढलं नाही. वळण असावं तर असं!

रस चालू राहिला, चूळ चालू राहिली. पाय जैसे थे. म्हातारा कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला टेकायचा, पायऱ्यांकडे बघायचा आणि दादाला शिव्या हासडत परत फिरायचा.

तिथेच एका सकाळी पुतण्या धावत आला. दादा गेला होता.

"सारखं विचारत होते, धाकटा आला का म्हणून," पुतण्या म्हणाला.

म्हातारा खांबाला धरून लहान पोरासारखा रडला. कसला सूड अन् कसलं काय, त्याला दादाला बघायचं होतं.

पुतण्याने त्याला घरी आणून सोडलं. फोन वाजत होता. एरवी सून उचलायची, आज त्याने उचलला.

"मी आहारतज्ज्ञ बोलतेय. पायांत काही फरक?"

"काडीचा नाही. रस रोज घेतो, चूळ भरतो..."

"माउथवॉशने? अहो, मग रस वायाच गेला! तोंडातल्या जंतूंशिवाय तो पायांना लागू पडत नाही, आणि माउथवॉश नेमके तेच मारतो. सूनबाईंना पहिल्याच दिवशी बजावलं होतं मी. त्यांनी तर दोनदा विचारून घेतलं."

म्हाताऱ्याने फोन ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात सून उभी होती.

"मला दादाकडे न्या," तो कसाबसा म्हणाला. "उचलून न्या, पण न्या."

"आता घरी पाहुणे येतील, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "त्यांचं कोण बघणार?"