कड

तिसऱ्या दुकानातही आबांनी मशीनमधून निघालेल्या फळीच्या कडेवर बोट फिरवलं आणि मान हलवली. "छे! पट्टी नीट बसलेली नाही."

रेवतीने कपाळाला हात लावला. बापलेकीच्या कपाटं बनवण्याच्या छोट्याशा कारखान्यात अजून इस्त्री फिरवून प्लायच्या कडांना पट्ट्या चिकटवल्या जात होत्या. वाट बघून कंटाळलेली गिऱ्हाइकं दुसरीकडे चालली होती. आणि त्या पट्ट्या झटपट चिकटवणारं, एजबँडिंगचं पहिलंवहिलं मशीन घ्यायला निघावं, तर आबा प्रत्येकाला नावं ठेवत होते!

"अहो आबा, चांगली गुळगुळीत लागतेय की! मशीन घ्यायचंच नसेल, तर तसं सांगा एकदाचं."

"बरं बाई," म्हणत आबांनी शेजारच्या मशीनची फळी उचलली, कडेवर बोट फिरवलं. "हे घे. झकास आहे."

त्या पट्टीचं टोक चक्क सुटून वर आलं होतं. आबांचं बोट कापलं होतं, रक्त येत होतं, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

रेवतीने घाईघाईने रुमाल बांधला. "कधीपासून होतंय हे?"

"साखर वाढल्यापासून. बोटांना काही कळत नाही गं."

"मग सांगायचं नाही? उगाच दुकानं पालथी घातली!"

"सांगितलं असतं, तर बरोबर आणलं असतंस?"

आबांचा दुसरा हात धरून रेवती मघाच्या मशीनकडे परतली.

"कड मी बघते," ती अजून घुश्शातच म्हणाली. "पण घ्यायचं की नाही, ते तुम्हीच सांगायचं."