दादाच्या गिटारची नेक

"नेक तुझी चांगली, ट्रेमोलो माझा चांगला. म्हणजे दोघांकडेही अर्धीअर्धीच गिटार," धाकटा म्हणाला.

"मग अर्धीच वाजव," दादा म्हणाला आणि त्याने चहाचा कप पुढे सरकवला.

हा वाद त्या घराला नवा नव्हता. मामा जहाजावरच्या बँडमध्ये वाजवायचा. नोकरी सोडताना त्याने दोन्ही भाच्यांना एकेक इलेक्ट्रिक गिटार दिली, त्याही तेव्हाच जुन्या झालेल्या. एकाच कारखान्यातल्या, एकाच रंगाच्या; शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी. फरक कळायचा तो हाताला. दादाच्या गिटारची नेक, म्हणजे डाव्या हातात धरायची ती लांब मान, मागून पातळ होती. बोटं तिच्यावरून आपसूक धावत. धाकट्याची नेक चांगली जाडजूड. तासभर वाजवलं की त्याचा अंगठा बोंब मारायचा.

ट्रेमोलोच्या, म्हणजे सूर लववायच्या दांड्याच्या, बाबतीत मात्र धाकटा श्रीमंत होता. त्याच्या गिटारचा दांडा दाबला की सूर खाली लवायचा आणि सोडला की मुकाट जागेवर यायचा. दादाच्या गिटारचा सूर एकदा खाली गेला की रुसून बसायचा. मग खुंट्या पिळून त्याची समजूत काढावी लागे.

आणि नेक तर धडाला नुसत्या चार स्क्रूंनी जोडलेली होती. धाकट्याला हेच सहन होत नसे.

"आजच्यापुरती अदलाबदल करू. फक्त आजच्यापुरती."

"मामाने जशा दिल्या तशाच राहतील."

"अहो, द्या ना. एका दिवसाने काय झिजणार आहे ती?" वहिनी म्हणाली.

"तू त्याची वकिली करू नकोस," दादा म्हणाला. विषय संपला.

आज दुपारी धाकट्याची परीक्षा होती. वर्षभर गावोगाव फिरणाऱ्या एका मोठ्या वाद्यवृंदात गिटारवाल्याची एक जागा रिकामी झाली होती. हॉटेलांत, जेवणाऱ्यांच्या गोंगाटात वाजवून वाजवून तो कंटाळला होता. ही जागा मिळाली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून दादाच्या हाताखाली इमारतींमध्ये वायरी ओढायच्या, असं घरात ठरलं होतं. वायरींची त्याला लाज नव्हती. पण एकदा पक्कड हातात आली की गिटार सुटेल, याची त्याला मनापासून भीती वाटत होती.

"अवतार बघ स्वतःचा," दादा म्हणाला. "सलूनमध्ये जा, दाढी करून ये. तोवर मी दोन्ही गिटारींना नव्या तारा चढवून ठेवतो."

धाकटा परत आला तेव्हा दोन्ही गिटारी आपापल्या पेटीत बंद होत्या.

"आता तिला हात लावायचा नाही," दादाने बजावलं. "तारा बसू देत. तुझ्या बोटांनाही आराम पडेल."

'तारा देतो, नेक देत नाही. मोठा आला दानशूर,' धाकटा मनात म्हणाला.

जेवण झालं. दादा आडवा झाला आणि घोरू लागला. वहिनी शेजारी गेली. धाकट्याने बाहेरच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि दादाच्याच हत्यारांच्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला.

इतक्या वर्षांचे स्क्रू, जाम झाले असतील असं त्याला वाटलं होतं. पण ते लोण्यातून निघावेत तसे निघाले. नशीब आज आपल्या बाजूने आहे, असं तो धरून चालला. त्याचा सगळा जीव कानात होता. घोरणं जरा थांबलं की त्याचे हात थांबत. नेककडे धड बघण्याचाही धीर नव्हता. हिची तिला, तिची हिला. स्क्रू आवळले, सैल केलेल्या तारा ताणून सूर लावले, पेट्या बंद. दादा उठला तेव्हा धाकटा खिडकीशी बसून नखं कापत होता.

"चल, मीही येतो," दादा म्हणाला. "बाहेर थांबेन."

हॉलमध्ये पुढच्या खुर्च्यांवर वाद्यवृंदाचा मास्तर आणि त्याचे दोन साथीदार बसले होते. धाकट्याने पहिला सूर छेडला आणि त्याचा अंगठा सुखावला. हीच ती पातळ नेक! बोटं अशी पळाली की त्याचा त्यालाच विश्वास बसेना. द्रुत तुकडा वाजवून त्याने दांडा दाबला, सूर लववला, सोडला. सूर जागच्या जागी. हॉलमध्ये कुणी खाकरलंसुद्धा नाही.

मास्तर उठून आला. त्याने गिटार हातात घेतली आणि नेकवरून तळवा फिरवला.

"इतक्या जाड नेकवर इतकी चपळ बोटं मी फार कमी पाहिली आहेत. सोमवारी सामान घेऊन या."

जाड म्हणे! गाढवाला गुळाची चव काय, असं धाकट्याच्या मनात आलं. पण अशा वेळी मास्तरला कोण शहाणपण शिकवणार? त्याने वाकून नमस्कार केला.

बाहेर दादाने बातमी ऐकली आणि भर रस्त्यात त्याला मिठी मारली. चाळिशीचा माणूस, पण डोळे पाण्याने भरले. येणाऱ्याजाणाऱ्या दोघाचौघांना त्याने थांबवून सांगितलं, "माझा भाऊ आहे हा!" धाकट्याला तोंड वर करवेना. जागा मिळाली होती, पण चोरीच्या मालावर. आपण या माणसाच्या झोपेचा फायदा घेतला, हे त्याला आता सहन होत नव्हतं.

"दादा," तो म्हणाला, "त्या नेकबद्दल तुला काही सांगायचंय."

दादा थबकला. मग चोरी पकडली गेल्यासारखा हसला.

"कळलं ना तुला? तरी मी तुझ्या वहिनीला म्हटलं होतं, त्याच्या अंगठ्याला फसवणं सोपं नाही. आधी सांगितलं असतं तर उगाच दडपण आलं असतं तुला. तू सलूनमध्ये गेलास ना, तेव्हाच माझी नेक तुझ्या गिटारला लावून टाकली. ठेव आता ती, कायमची."